हुर्यो



बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्याचं निमित्त होतंच, पण खरं कारण आळस. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. विषय क्रिकेटचा आहे. ज्यांना क्रिकेटात रस नाही त्यांनी (आमच्या सौ. धरून) लगेच उठून जाऊ नये, कारण विषय नुसता क्रिकेटचा नाही.

आमच्याकडे धान निघालं की गावाबाहेरच्या रिकाम्या बांध्यांमध्ये पोरांचं क्रिकेट सुरू होतं. धसकटं काढायची, माती चोपायची, तीन काठ्या रोवायच्या की झालं मैदान. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या सरांनी पोरांचा एक संघ केला आणि कप्तान बदलला. जुना कप्तान पोरांचा लाडका होता. नवा मुलगा दुसऱ्या गावाहून आलेला, थोडा अबोल, पण खेळ चांगला. झालं असं की पहिले दोन्ही सामने हरले. दुसऱ्या सामन्यात नवा कप्तान फलंदाजीला निघाला तर बांधावर बसलेली त्याच्याच संघाची पोरं ओरडायला लागली, "हार्दिक! हार्दिक!" आणि मग लांबलचक हुर्यो. पोरगा दोन चेंडू खेळला, बाद झाला, बॅट खाली ठेवली आणि सरळ घराकडे चालू लागला. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.

मी तिथंच लिंबाखाली उभा होतो. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा होता तो माझा नातू.

घरी आल्यावर विचारलं तर म्हणतो, "त्यात का झालं जी आबाजी? वानखेडेवर तर मोठे मोठे लोक करत होते. आपण टीव्हीवर पाहिलं ना, तुमी पन हासले होते."

खरं आहे. मीही हसलो होतो. तेव्हा आज जे लिहितो आहे ते दुसऱ्यांना उपदेश म्हणून वाचू नका. आरोपींच्या यादीत माझं नाव आहेच.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी फळ्यावर लिहावं तसं थोडक्यात सांगतो. मुंबई इंडियन्स हा आयपीएलमधला मोठा संघ. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असं पाच वेळा अजिंक्यपद, पाचही वेळा कप्तान रोहित शर्मा. हार्दिक पंड्या याच संघात २०१५ ला आला आणि त्यातल्या चार अजिंक्यपदांत खेळला. पुढे तो गुजरात टायटन्सचा कप्तान झाला, २०२२ ला त्यांना पहिल्याच वर्षी जिंकून दिलं, २०२३ ला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईनं त्याला परत आणलं आणि डिसेंबरात जाहीर केलं की यापुढे कप्तान रोहित नव्हे, हार्दिक.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२४ च्या हंगामात १४ सामने, ४ विजय, १० पराभव. दहा संघांत दहावा नंबर. आणि पहिल्या सामन्यापासून हुर्यो. अहमदाबादला गुजरातचे लोक चिडलेले, कारण हा आम्हाला सोडून गेला. तिथं सामना चालू असताना मैदानात एक कुत्रं शिरलं, तर लोकांनी त्या कुत्र्याला पाहून हार्दिकच्या नावाचा गजर केला. (मी हसलो तो इथंच.) १ एप्रिलला मुंबईत पहिला घरचा सामना. तिथं तर आपलीच माणसं. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या बाकावरच्या पोरांना सांगतात तसं. तिकीट काढून आलेल्या थोरामोठ्यांना!

आता मुद्द्याचं बोलू.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या वर्षी महिनाभर हाच विषय होता. माझा पुण्याचा पुतण्या हुर्यो उडवणाऱ्यांचा वकील. त्याचे मुद्दे तीन. एक, संघ इतका वाईट खेळला की लोक चिडणारच. दोन, रोहितवर अन्याय झाला, आणि लोकांनी रोहितवरचं प्रेम दाखवलं. तीन, पैसे मोजून तिकीट काढलंय, ओरडण्याचा हक्क आहे, जगात सगळीकडे असंच चालतं. तेव्हा मी "बरोबर" असा अंगठा पाठवून मोकळा झालो होतो. आज तो अंगठा परत घेतो.

पहिला मुद्दा. संघ वाईट खेळला म्हणून लोक चिडले. बाळा, दोन वर्षं मागं जा. २०२२ साली याच मुंबई इंडियन्सनं सुरुवातीचे आठही सामने ओळीनं गमावले. शेवटी किती जिंकले? चार. किती हरले? दहा. नंबर कितवा? दहावा. आकडा न् आकडा तोच! त्या वर्षी साखळीचे सगळे सामने मुंबई आणि पुणे इथंच झाले, म्हणजे प्रत्येक पराभव आपल्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर. कप्तान रोहित होता आणि त्या हंगामात त्याला एक अर्धशतकही करता आलं नाही. तेव्हा त्याची अशी हुर्यो उडवल्याचं मला तरी आठवत नाही. आणि उडवायलाही नको होती, ते योग्यच झालं. पण मग दोन सारख्याच उत्तरपत्रिकांत एकाला "होतं असं कधी कधी, पुढच्या वर्षी बघू" आणि दुसऱ्याला वर्गासमोर अपमान, असं करणाऱ्या मास्तरला आपण काय म्हणतो? आणखी एक. २०२४ ची हुर्यो पराभवानंतर सुरू झालेली नाही. ती पहिल्या नाणेफेकीलाच होती. निकाल लागण्याआधी दिलेल्या शिक्षेला पराभवाचं कारण जोडायचं नसतं.

हार्दिक चुकला नाही असं मी म्हणत नाही. हैदराबादला समोरच्यांनी २७७ धावा कुटल्या. त्या वेळेपर्यंतची आयपीएलमधली ती सर्वात मोठी धावसंख्या. आणि आपला सगळ्यात चांगला गोलंदाज बुमराह चौथं षटक टाकून गेला तो थेट तेराव्या षटकात परत आला. हे चूकच. अहमदाबादला कप्तान स्वतः सातव्या नंबरला फलंदाजीला आला, संघ ६ धावांनी हरला. तेही बोलायला हवं. (त्या सामन्यातलं शेवटचं षटक आपल्या उमेश यादवनं टाकलं. खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. आधी षटकार आणि चौकार खाल्ला, मग पुढच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले, त्यात पहिला हार्दिकचाच. मुंबई हरली, पण विदर्भ जिंकला म्हणून मी त्या रात्री एक लाडू जास्त खाल्ला.) हंगामभर हार्दिकच्या धावा २१६. कप्तानाला हे शोभणारं नाही. सूर्यकुमार पहिले तीन सामने दुखापतीतून सावरत होता, बुमराहनं २० बळी घेतले पण त्याला साथ मिळाली नाही. ही सगळी टीका करा. टीका म्हणजे तांबडी शाई. ती सांगते की तिसरं गणित इथं चुकलं. हुर्यो कुठलंच गणित दाखवत नाही. ती फक्त म्हणते, तू नको.

हुर्योमुळे संघ हरला असंही मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणतो की हुर्यो पराभवामुळे नव्हती.

दुसरा मुद्दा रोहितवरच्या प्रेमाचा. रोहित मलाही प्रिय. जन्मानं नागपूरचा म्हणून जरा जास्तच. आणि त्याला ज्या पद्धतीनं बाजूला केलं ती मलाही रुचली नाही. पाच अजिंक्यपदं देणाऱ्या माणसाचा निरोप जरा मानानं व्हायला हवा होता. पण मला सांगा, कप्तान कोणी बदलला? हार्दिकनं? नेमणुकीच्या कागदावर सही करणारा एक असतो आणि खुर्चीवर बसणारा दुसरा. हा संघ २००८ साली सुमारे ११ कोटी १९ लाख डॉलरला विकत घेतला गेला, त्या वेळचा सगळ्यात महाग संघ. ज्याचा पैसा त्याचा निर्णय. त्या मालकांच्या कक्षाकडे तोंड करून ओरडणारा मला तरी दिसला नाही. चाळीस अंशांच्या उन्हात राबणाऱ्या बैलाला पराणी टोचणं सोपं, पाटलाला जाब विचारणं अवघड. तीच गोष्ट इथं.

आणि रोहितला तरी कप्तानपद कसं मिळालं होतं? २०१३ साली रिकी पाँटिंग कप्तान होता. धावा होईनात म्हणून हंगामाच्या मध्यावर तो स्वतः बाजूला झाला आणि रोहित आला. त्याच वर्षी पहिलं अजिंक्यपद. नव्या माणसाला थोडा अवकाश दिला म्हणून तर तो रोहित घडला. आपण ते विसरलो. सचिन गांगुलीच्या हाताखाली खेळला, गांगुली सचिनच्या, दोघेही द्रविडच्या, पुढं धोनी कोहलीच्या हाताखाली खेळला. कुणाचं नाक कापलं गेलं नाही. राहता राहिला स्वतः रोहित. त्या १ एप्रिलला सीमारेषेवर क्षेत्ररक्षण करताना लोक ओरडू लागले, तेव्हा यानंच हात खाली करून गप्प बसण्याची खूण केली. ज्याच्या नावानं हे प्रेम चाललं होतं तो सांगत होता, थांबवा. प्रेम असतं तर ऐकलं असतं.

इथं मला माझं स्वतःचं सांगावं लागतं. मी आजवर हे इथं लिहिलं नाही, भावंडांनाही पुरतं ठाऊक नाही. नोकरीच्या मधल्या काळात एका शाळेत मला मुख्याध्यापक केलं. माझ्या आधीचे सर मुलांचे दैवत. त्यांना का बाजूला केलं ते वरच्यांना ठाऊक. मला विचारलं नव्हतं, आदेश आला आणि मी रुजू झालो. पहिल्याच दिवशी प्रार्थनेनंतर मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो तर मागच्या रांगांतून खोकला सुरू झाला. आधी एक, मग दहा, मग शंभर मुलं खोकताहेत. महिनाभर हे चाललं. काही पालक कुंपणाशी उभं राहून हसायचे. त्या वर्षी दहावीचा निकालही घसरला आणि मी काय काय चुकलो ते मला माहीत आहे. पण त्या खोकल्यानं मला माझी एकही चूक दाखवली नाही. मी फक्त बोलायचं टाळू लागलो. वर्गावर जायला भिऊ लागलो. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाची ही गत.

तो प्रकार थांबला प्रजासत्ताक दिनी. जुने सर झेंडावंदनाला आले, कुणाशी न बोलता सरळ येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. एवढंच. खोकला बंद. त्यांनी त्या दिवशी मला वाचवलं तसं मुलांनाही वाचवलं, असं मला आज वाटतं. आणि असा अनुभव पाठीशी असलेला मी, त्या कुत्र्याच्या गमतीवर हसलो. नातवाच्या देखत. माणूस स्वतःचं दुखणं किती लवकर विसरतो!

आता तिसरा मुद्दा. तिकिटाचे पैसे आणि "जगात सगळीकडे असंच चालतं." शिकागोला राहणाऱ्या माझ्या भाचीनं एक गोष्ट सांगितली. त्याच २०२४ साली तिच्या गावचा शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉलचा संघ १६२ पैकी १२१ सामने हरला. एकशे एकवीस! आधुनिक काळातला विक्रम आहे म्हणे. त्यात एकदा तर ओळीनं २१ पराभव. तिथलेही लोक पैसे मोजूनच येतात आणि तेही चिडले. पण त्यांच्या घोषणा काय होत्या? "संघ विका!" म्हणजे मालकाला उद्देशून. याला मी राग म्हणतो. पत्ता बरोबर लिहिलेला राग. तिकडचे लोक संत आहेत असं नाही, खेळाडूंची हुर्यो तिकडेही उडतेच. पण जग तसं करतं म्हणून आपणही करावं, हे कारण आमच्या शाळेत पाचवीचा मुलगासुद्धा देत असे, आणि आम्ही ते मान्य करत नव्हतो.

तिकिटाबद्दल सांगतो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं होतात. मंडई, शंकरपट आणि रात्री नाटक. लोक पैसे देऊन, घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात. खलनायकाला अशा शिव्या घालतात की विचारू नका. पण सकाळी तोच नट चहाच्या टपरीवर दिसला की त्याच शिव्या देणारे म्हणतात, "का मस्त काम केलं जी तुमी! या, बसा, च्या घ्या." तिकीट नाटकाचं होतं, नटाच्या अब्रूचं नव्हतं, हे आमच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसाला कळतं. शंकरपटात जोडी हरली म्हणून बैलांची हुर्यो उडवलेली मी जन्मात पाहिली नाही. उलट मालक आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो.

आणि हेच वानखेडे स्टेडियम, बरं का. आपल्या विदर्भातल्या बॅ. शेषराव वानखेडे यांचं नाव असलेलं. १ एप्रिलच्या जेमतेम अडीच आठवडे आधी, १४ मार्च २०२४ ला, तिथं रणजी करंडकाचा अंतिम सामना संपला. मुंबई विरुद्ध आपला विदर्भ. पहिल्या डावात आपण १०५ धावांत गारद. जिंकायला ५३८ हव्या होत्या. कुणीही म्हटलं असतं, सोडून द्या. पण कप्तान अक्षय वाडकरनं शतक काढलं, करुण नायर ७४, हर्ष दुबे ६५, आणि शेवटच्या दिवसापर्यंत झुंजत ३६८ पर्यंत गेलो. १६९ धावांनी हरलो. मुंबईचं ते ४२ वं विजेतेपद. हरणाऱ्यांना कुणी कुत्र्याच्या नावानं हिणवलं नाही. आणि तोच संघ पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात मुंबईला हरवून, मार्च २०२५ मध्ये नागपूरला तिसऱ्यांदा रणजी जिंकला. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका हंगामातला विक्रम. आमच्या गटावर त्या दिवशी किती संदेश आले? दोन. एक माझा, एक नागपूरच्या भाऊजींचा. ज्या मुलांना आपण आपलं म्हणू शकतो त्यांच्या कष्टांसाठी टाळी नाही, आणि कंपनीच्या नोकर-मालकांच्या भांडणात मात्र आपण घसा कोरडा करतो.

शेवटी हार्दिकचं काय झालं तेही लिहून ठेवतो. २९ जून २०२४, बार्बाडोस. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या, क्लासेन सुटलेला. हार्दिकनं त्याला बाद केलं. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या, चेंडू पुन्हा हार्दिकच्याच हातात. सूर्यकुमारनं सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला आणि भारत ७ धावांनी जिंकला. हार्दिक लहान मुलासारखा रडला आणि रोहितनं त्याला जवळ घेतलं. ४ जुलैला वानखेडेवर सत्कार झाला तर तेच स्टेडियम हार्दिकच्या नावाचा जयघोष करत होतं. पुतण्या म्हणतो, "बघा काका, लोकांनी चूक सुधारली." मला ते पटत नाही. जिंकल्यावर जयजयकार करणं म्हणजे सुधारणं नव्हे. तो हरला असता तर? शेवटच्या षटकात दोन षटकार बसले असते तर? मग एप्रिलची हुर्यो बरोबर ठरली असती का? माणसाचा मान त्याच्या शेवटच्या षटकावर टांगून ठेवायचा नसतो.

आणि हार्दिकला निदान बार्बाडोस मिळालं. माझ्या गावच्या त्या पोराला कोण देणार? त्याच्यासाठी विश्वचषक नाही. त्याच्याकडे एक बांधी होती, ती आम्ही हिसकावली. आम्ही म्हणजे नातवानं, मी, आणि टीव्हीसमोर हसलेल्या सगळ्यांनी.

मी दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन त्याच्या घरी गेलो. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्याची आई म्हणाली, "जाऊ द्या जी गुर्जी, पोराईचंच आहे." मी म्हटलं, बाई, पोरांचं नाही, आमचं आहे. नातू आता तीनदा एकटा जाऊन आलाय. शेवटच्या वेळी मुलगा ओट्यावर आला, दोघं थोडा वेळ न बोलता बसले म्हणे. खेळायला मात्र तो अजून आलेला नाही.

असो. पुतण्या, तुला राग येणार हे मला ठाऊक आहे. भांड माझ्याशी, मोकळेपणानं भांड. फक्त गटावर ते कुत्र्याचं चित्र पुन्हा टाकू नकोस. घरात मुलं बघतात.